डाग होडीचा, गंज दुसऱ्याचा

काचेचे धागे गंजत नाहीत, त्यांना धरून ठेवणारी राळही गंजत नाही. तरीही मे संपत आला की वर्सोव्याला, मढला किंवा गोराईला किनाऱ्यावर एक चक्कर मारा. ओढून वर घेतलेल्या फायबरच्या होड्यांपैकी फार थोड्या गोऱ्यापान सापडतील. बाकीच्यांच्या अंगावर तांबूस ओघळ असतात, स्टेशनच्या जिन्यातल्या कोपऱ्यांत दिसतात तसे. फरक एवढाच, की जिन्यातली पिचकारी कुणी मारली ते कधी कळत नाही आणि होडीवरची कुणी मारली ते शोधता येतं. ते न शोधता नुसता डाग पुसलात, तर पुढच्या मेमध्ये पुन्हा तुम्ही, बादली आणि ब्रश.

मी हे अनुभवानं सांगतो. तिघांनी मिळून घेतलेली आमची अठरा फुटी होडी गोराईला असते, मी राहतो बोरिवलीत. पहिल्या वर्षी डाग दिसले तेव्हा घरात बाथरूमसाठी आणलेलं ब्लीच नेलं आणि ओतलं. डाग फिका झाला नाही, उलट गडद होऊन बसला. मग चिडून तारेच्या घासणीनं घासलं. संध्याकाळी होडी लखलखीत दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी मोहरीएवढे शेकडो तांबडे ठिपके उठले होते. घासणीचे तुटलेले बारीक तुकडे फायबरच्या छिद्रांत रुतले आणि रात्रभराच्या दवानं गंजले. शेजारच्या होडीचे नाखवा जाळं विणत बसले होते, ते मान वर न करता म्हणाले, "अगोदर एक डाग होता, आता पेरणी केलीत."

ब्लीच का चालत नाही, ते समजून घेतलेलं बरं, कारण ही चूक सगळे करतात. ब्लीच रंग उडवतं, लोखंड काढत नाही. उलट ते लोखंडाचं ऑक्सिडीकरण पुढे नेतं, म्हणजे गंजाला मदतच करतं. गंजाला विरघळवून पाण्याबरोबर वाहून नेईल असं काहीतरी हवं, आणि ते काम आम्लं करतात. ब्लीच आणि आम्ल एकत्र मात्र कधीही करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. होडीच्या खणात वाकून काम करणाऱ्याला तो चांगलाच महागात पडेल.

आधी चोर धरा

डागाचा वरचा टोकाचा बिंदू शोधा. ओघळ नेहमी खाली येतो, त्यामुळे चोर वरच असतो. बहुतेक वेळा तो एखादा बोल्ट असतो: खुंट्याचा, कठड्याचा, नाहीतर आउटबोर्ड लटकवायच्या मागच्या फळीचा. नाळेपाशी डाग असेल तर नांगर आणि त्याची साखळी बघा. आतल्या तळावर गोल कडं उमटलं असेल तर तिथे पत्र्याचा डबा ठेवला होता, हे सांगायला पंचाक्षरी नको.

दोन चोर लवकर लक्षात येत नाहीत. पहिला टायर. धक्क्याला होडी आपटू नये म्हणून आपण बाजूंना जुने टायर बांधतो. टायर रबराचा, तो कसला गंजतो? पण टायरच्या कडेत पोलादी तारा असतात. रबर झिजून तार उघडी पडली, की लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याला ती होडीच्या अंगावर अर्धवर्तुळ काढत राहते. आमच्या होडीच्या डाव्या बाजूला असं इंद्रधनुष्य दोन वर्षं होतं आणि आम्ही बोल्ट बदलत बसलो होतो.

दुसरा चोर शेजारी. मे महिन्यात किनाऱ्यावर दुरुस्तीची धांदल असते. चार होड्या पलीकडे कुणी लोखंडी पट्टी ग्राइंडरनं कापत असेल आणि वारा तुमच्याकडे असेल, तर त्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण असतात. ते फायबरवर येऊन चिकटतात. त्या दिवशी काहीच दिसत नाही, दोन दिवसांनी गोवर उठल्यासारखे ठिपके दिसतात. असे ठिपके एका बाजूलाच, ओघळ नसलेले असले तर समजा, ग्राइंडर. भांडायला जाऊ नका. पुढच्या वेळी कापाकापी सुरू व्हायच्या आधी होडीवर ताडपत्री टाका.

"पण आमचे बोल्ट तर स्टेनलेसचे आहेत," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. स्टेनलेसचा अर्थ डाग न पडणारं असा असला तरी तो निरपवाद नाही. त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो गंज अडवतो, आणि तो टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बोल्टच्या डोक्याखाली, वायसरच्या फटीत खारं पाणी साचलं की तिथे ऑक्सिजन पोचत नाही, थर तुटतो आणि आतून गंज सुरू होतो. वरून डोकं चकचकीत, खालून ओघळ. शिवाय स्टेनलेसमध्येही जाती आहेत. समुद्रासाठी ३१६ नंबरचं घ्यावं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला सहजासहजी दाद देत नाही. ३०४ घरातल्या भांड्यांना ठीक. बाजारात स्वस्तात मिळणारे बोल्ट पुष्कळदा २०२ चे असतात, ते होडीवर लवकर तांबूस होतात. लोहचुंबक लावून बघण्याची पद्धत अर्धीच उपयोगाची आहे: चुंबक जोरात चिकटला तर माल साधा, पण चिकटला नाही म्हणून ३१६ ठरत नाही, कारण २०२ लाही तो चिकटत नाही. बिलावर नंबर लिहून घ्या.

आणि एक डाग असा असतो, की जो पुसायचाच नसतो, आधी वाचायचा असतो. मागच्या फळीत बहुतेक होड्यांना फायबरच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरलं, की लाकूड कुजतं, बोल्ट गंजतो आणि तपकिरी पाणी पाझरत राहतं. रुपयाचं नाणं घेऊन त्या भागावर टकटक करा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, ओल्या जागी बद येतो, फुटक्या मडक्यासारखा. बद आवाज आला तर डागाचं विसरा आणि फायबरचं काम करणाऱ्या कारागिराला बोलवा. त्या फळीवर अख्खं इंजिन टांगलेलं असतं.

ॲसिड मागू नका, नाव घेऊन मागा

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "ॲसिड द्या" म्हटलंत तर बहुतेकदा संडास-बाथरूमचं हायड्रोक्लोरिक हातात पडेल. ते गंज खातं, पण स्टेनलेसही खातं, जस्ताचा मुलामाही खातं आणि फायबरचं तोंड खरबरीत करून ठेवतं. तुम्हाला हवं ते ऑक्झॅलिक ॲसिड. पांढरे स्फटिक, साखरेसारखे दिसतात, आणि म्हणूनच घरात आणायला धोक्याचे. मोझॅकच्या लाद्यांना शेवटचं पॉलिश करणारे कारागीर हीच पूड लादीवर शिंपडून घासतात, त्यामुळे लाद्यांचं सामान मिळतं त्या दुकानांत नाव घेतलं की ओळखतात.

हे आम्ल काही परकं नाही. गोराई-मनोरीच्या अंगणांत बिलिंबीचं झाड असतं, खोडालाच लटकणारी हिरवी आंबट फळं. त्यांच्या आंबटपणात ऑक्झॅलिकचा मोठा वाटा असतो, म्हणून जुन्या बायका कपड्यावरचा लोखंडाचा डाग बिलिंबी चोळून काढत. लिंबाचंही तसंच, फक्त त्यात सायट्रिक आम्ल. डाग ताजा आणि फिका असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यानंही निघतो, त्यासाठी मोठी तयारी नको. कोलाची बाटली ओतणारेही आहेत. त्यात थोडं फॉस्फरिक आम्ल असतं, ते थोडं काम करतं, बाकी साखर मुंग्यांना पुरते.

ऑक्झॅलिकचं काम साधं नाही, म्हणून छान वाटतं. ते लोखंडाच्या अणूला चिमट्यासारखं दोन्ही बाजूंनी धरतं आणि पाण्यात विरघळणारं संयुग करतं. घासावं लागत नाही, थांबावं लागतं.

प्रमाण असं धरा: १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. जुन्या, बसलेल्या डागाला दुप्पट. पाणी उकळतं नको. बादली प्लॅस्टिकचीच हवी, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नको. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि पूड ओतताना तोंडावर मास्क, कारण ती घशाला झोंबते. उरलेलं पाणी प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची जी आपल्याकडे सवय आहे, ती इथे नाही चालणार. किनाऱ्यावर पोरं तहानलेली असतात आणि पाण्यासारखं दिसणारं हे पाणी विषारी आहे. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा. पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय.

उभ्या बाजूवर पातळ पाणी टिकत नाही, ओघळून वाळूत जातं. त्याला आमच्या घरात उपाय सापडला. सुती साडीला देतात ती साबुदाण्याची खळ घट्ट शिजवा, पूर्ण गार होऊ द्या, आणि मग तिच्यात आम्ल कालवा. पातेलं मात्र त्याआधीच घरी ठेवा. खळ प्लॅस्टिकच्या डब्यात काढून मगच मिसळा, आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. ही लापशी ब्रशनं डागावर थापली की जागची हलत नाही. वरून जुनं पांढरं धोतर किंवा टिश्यू आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे वाळत नाही.

आता वेळ. हे काम सकाळी सात-साडेसातला, सावलीत करा. एक कारण उघड आहे: मेच्या उन्हात पाच मिनिटांत सगळं वाळेल आणि वाळलेलं आम्ल काही करत नाही. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. लोखंड आणि ऑक्झॅलिकचं संयुग प्रकाशाला हळवं असतं. उन्हात त्यातून न विरघळणारी पिवळी भुकटी तयार होते. तांबडा डाग काढायला गेलो आणि पिवळा लावून आलो, असं होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी कागदाचा कोपरा उचलून बघा. तांबूसपणा जाऊन तिथे लिंबाच्या सालीसारखी पिवळट-हिरवट छटा आलेली असते. ते विरघळलेलं लोखंड. ही छटा दिसली की मला दरवेळी शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखं वाटतं, आणि आमचा भागीदार दरवेळी विचारतो की आता हा नवा डाग कसला. नायलॉनच्या ब्रशनं हलक्या हातानं फिरवा आणि भरपूर गोड्या पाण्यानं धुवा. खाडीच्या पाण्यानं धुऊ नका. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते ऑक्झॅलिकशी मिळून पांढरी न विरघळणारी साय धरतं. पुष्कळ मूतखडे ज्याचे बनलेले असतात तेच हे. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तेही नको, कारण त्यानं डागाचं नवं खातं उघडतं. मग थोडा खायचा सोडा पाण्यात घालून पुसा, म्हणजे राहिलेलं आम्ल मरतं, आणि पुन्हा एकदा गोडं पाणी.

एका वेळेत निघालं नाही तर दुसऱ्यांदा करा, तिसऱ्यांदाही चालेल. जास्त वेळ ठेवण्यापेक्षा पुन्हा पुन्हा लावणं चांगलं. गडद निळी किंवा लाल होडी असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी हाताएवढ्या तुकड्यावर करून बघा. झिंकचे ठोकळे, पंखा आणि जस्ताच्या मुलाम्याच्या साखळीवर हे पाणी जाऊ देऊ नका, गेलं तर लगेच धुवा. उरलेलं आम्ल तिवरांत किंवा खाडीत ओतायचं नाही. बादलीत चुना घाला, पांढरा गाळ तळाला बसतो, वरचं पाणी निवळतं. गाळ पिशवीत बांधून घ्या.

खाडीत नांगरलेल्या होड्यांना आणखी एक डाग पडतो, काळा-निळा, पाण्याच्या रेषेपाशी किंवा बोल्टच्या भोवती. तो गंजच, पण वेषांतर केलेला. तिवरांच्या सालीत आणि पानांत टॅनिन भरपूर असतं. त्याची गाठ लोखंडाशी पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत तीच ही रीत. आपल्या होडीभोवती खाडीनं फुकट शाई घोटलेली असते. ऑक्झॅलिकसमोर ती शाईही टिकत नाही, फक्त दोनदा लावावी लागते.

मग भोकाकडे वळा

डाग गेला म्हणजे जेमतेम निम्मं काम झालं. बोल्ट काढा. गंजून अडकला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा, पाना लावून जोर केलात तर बोल्टऐवजी भोवतीचं फायबर फुटेल. भोक गोड्या पाण्यानं धुऊन दोन दिवस पूर्ण सुकू द्या. आत लाकूड असेल तर भोक जरा मोठं करून इपॉक्सीनं भरा आणि घट्ट झाल्यावर मूळ मापाचं भोक पुन्हा पाडा. म्हणजे बोल्ट आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सीची भिंत राहते. मग ३१६ चा बोल्ट, वायसर, आणि डोक्याखाली पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन स्वस्त असतं आणि सगळीकडे मिळतं, पण त्यावर पुढे रंग बसत नाही, काढलं तरी त्याचा तेलकटपणा राहतो. पहिल्या दिवशी बोल्ट अर्धवट आवळा, सीलंट थोडं बाहेर येईल एवढंच. पूर्ण दुसऱ्या दिवशी. एकदम आवळलंत तर सगळं सीलंट बाहेर पडतं आणि बोल्टखाली काहीच उरत नाही. स्टेनलेसच्या पट्टीत साधा लोखंडी बोल्ट घालू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की कमकुवत आधी झिजतो आणि तो झिजतो म्हणजे तुमच्या होडीवर ओघळतो.

आता राहिला वरचा थर. फायबरवर जेलकोट असतो, साधारण अर्धा मिलिमीटर, दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्यासारखा. नवा असताना गुळगुळीत असतो, उन्हानं त्याची पूड होते, मग तो डाग पितो. बोटं फिरवून बघा, पांढरी भुकटी लागली तर गाड्यांचं रबिंग कंपाउंड घेऊन हातानं घासा, मग मेण लावा. मशीन असेल तर जपून. अर्धा मिलिमीटर संपायला वेळ लागत नाही आणि एकदा आतलं कापड दिसलं की ते पाणी पिऊ लागतं. पाणीपेपर मारणं ही शेवटची पायरी, पहिली नव्हे, आणि मारायचाच तर दीड हजार नंबरचा, ओला, मास्क लावून. होडीच्या नावावर आणि नोंदणी क्रमांकावर आधी चिकटपट्टी लावा. कंपाउंडनं नंबर उडाला तर गस्तीवर अडवतील तेव्हा गंजाची गोष्ट कुणी ऐकणार नाही.

शाकारण्याआधी

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवल्या जातात. हे सगळं काम त्याआधीच्या आठवड्यात व्हायला हवं, जूनमध्ये नव्हे. कारण मिठाचं आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ना? हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत त्या दोन महिन्यांत हवा बहुतेक वेळ त्याहून दमटच असते. तुम्ही ताडपत्री घालून होडी कोरडी ठेवली असं समजता, पण बोल्टच्या फटीतलं मीठ आत बसून पाणी ओढत असतं आणि वरचा पाऊस त्याला धुवायला पोचत नाही. उघड्यावर राहिलेल्या होडीपेक्षा झाकलेलीवर कधीकधी जास्त ओघळ दिसतात ते म्हणूनच.

म्हणून झाकण्याआधी होडी आतून-बाहेरून गोड्या पाण्यानं धुवा, विशेषतः फटी, साखळीचा खण, इंजिनाचा आधार. एक दिवस ऊन खाऊ द्या. नांगर आणि साखळी होडीत ठेवू नका, फळीवर वेगळी ठेवा. टायर सोडून घरी न्या किंवा पोत्यात बांधा. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका. मधे बांबूचा कणा देऊन दोन्ही टोकं उघडी ठेवा, वारा आरपार जाऊ द्या.

जुलैच्या मध्याला पाऊस उघडलेला एखादा दिवस बघून ताडपत्री वर करा. ज्या ज्या जागी डाग काढला होता तिथे पेन्सिलीनं छोटी फुली मारून ठेवलेली असेल तर बरं. फुलीपाशीच पुन्हा तांबूस दिसलं तर बोल्ट बदला. फुलीपासून लांब, नव्या जागी, नुसते ठिपके दिसले, तर मेमध्ये शेजारी ग्राइंडर कुणी चालवला होता ते आधी विचारा.